तांदळाच्या इथेनॉलचा अर्धाच हिशेब

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून तेलाची आयात कमी झाल्याने वाचणाऱ्या परकीय चलनाचे कौतुक करणारा आपला अग्रलेख वाचला. त्यात खर्चाची बाजू मात्र राहून गेली आहे. धान्य खरेदी करून साठवणाऱ्या सरकारी अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉल प्रकल्पांना देण्याचा दर केंद्राने जानेवारी 2025 मध्ये क्विंटलला 2,800 रुपयांवरून 2,250 रुपयांवर, म्हणजे किलोला साडेबावीस रुपयांवर आणला, आणि खरेदी, वाहतूक, साठवणूक धरता महामंडळाला तोच तांदूळ किलोला जवळपास 40 रुपयांना पडतो. एक लिटर इथेनॉलला दोन किलोंहून थोडा अधिक तांदूळ लागत असल्याने लिटरमागे 35 रुपयांहून अधिक भार सरकारी तिजोरीवर येतो, जो पेट्रोल पंपावरच्या पावतीत कुठेही दिसत नाही. गोदामे भरलेली आहेत, हे मान्य. पण ही स्थिती कायम राहतेच असे नाही; जुलै 2023 मध्ये याच प्रकल्पांचा तांदूळ थांबवून बिगर बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली होती. (त्याच डिसेंबरात, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावरही निर्बंध आले, कर्जे काढून आसवनी प्रकल्प उभारणारे साखर कारखाने ते विसरलेले नसतील.) वाचलेल्या परकीय चलनाचा आकडा सांगताना सरकारने त्याच ओळीत तांदळावरील हा तोटाही जाहीर करावा.

– एक वाचक, सांगली