तुझी नायिका फार शहाणी आहे, पंत

डोंबिवली,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय पंत,

तुझं नाटक वाचलं. दोनदा वाचलं. एकदा लोकलमध्ये, आणि एकदा घरी ओट्याशी उभी राहून, कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरून. फोनवर तू विचारलंस, "कसं वाटलं?" तर मी "छान आहे रे, बोलू निवांत" म्हणून वेळ मारून नेली. ते दिवसभर मनाला लागून राहिलं. आपण दोघं एकमेकांशी असं बोलत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही लांबलचक, कारण यातलं बरंच मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

पहिला अंक मला मनापासून आवडला. गॅसचा नंबर कोणी लावायचा यावरून ती दोघं जी भांडतात, त्या प्रवेशाला लोक खुर्चीत बसून राहणार नाहीत, इतके हसतील. दुसऱ्या अंकात तो तिला सोडून जातो आणि तिथून पुढे माझं तुझ्याशी भांडण आहे.

अरे, ती किती नीट वागते! चार दिवस रडते, पाचव्या दिवशी केस कापते, त्याच्या वस्तू खोक्यात भरून कुरियरने पाठवते, एकटी गुहागरला जाते, समुद्राशी बोलते आणि परत येते तेव्हा मोकळी झालेली असते. पंत, असं कोण मोकळं होतं? तू तिच्यावर इतकं प्रेम केलंयस की तिला एकही चुकीची गोष्ट करू दिली नाहीस. आणि विनोदी प्रेमकथा लिहायची म्हणतोस, तर सगळा विनोद त्या चुकांतच आहे की.

मला वाटतं, ही सवय आपल्याला विरहाच्या गाण्यांनी लावली आहे. सोडून गेलेल्याची वाट बघणारी बाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ती शांत, सोसणारी, खिडकीशी उभी असलेली येते. पण ज्ञानेश्वरांची विरहिणी आठव. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’. त्यात ती काय करते? कावळ्याशी सौदा करते! पाहुणा कधी येणार ते सांग, मी तुला दहीभात भरवीन, दुधाची वाटी तोंडाला लावीन, पाय सोन्याने मढवीन. तेराव्या शतकातली बाई अंगणातल्या कावळ्याला लाच देऊ करते आहे, आणि अगदी मनापासून देते आहे. लता मंगेशकरांच्या आवाजात ते इतकं सुंदर होऊन येतं की आपण डोळे मिटतो आणि कावळा दिसायचा राहून जातो. ज्ञानेश्वरांना विठ्ठलाबद्दल बोलायचं होतं, हे मलाही कळतं. पण माणूस वाट बघताना कसं वागतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, म्हणून तर कावळा आला. तुझ्या नायिकेला एक कावळा दे. मी तेवढंच मागते आहे.

तू निक हॉर्नबीची ‘हाय फिडेलिटी’ वाचली आहेस का? १९९५ ची कादंबरी. लंडनच्या हॉलोवे भागात जुन्या रेकॉर्डचं दुकान चालवणारा पस्तिशीचा रॉब. लॉरा त्याला सोडून जाते, आणि हा पहिलं काय करतो, तर आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट पाच ताटातुटींची यादी करतो आणि तिला मनातल्या मनात ऐकवतो की तुझा नंबर त्यात लागत नाही. मग घरातल्या सगळ्या रेकॉर्ड खाली काढतो आणि ज्या क्रमाने विकत घेतल्या त्या क्रमाने पुन्हा लावतो, म्हणजे कुठली रेकॉर्ड कुठे आहे हे फक्त त्यालाच कळावं. पुढे यादीतल्या जुन्या मैत्रिणींना शोधून विचारत फिरतो, की मला का सोडलंस. एवढं सगळं तो अत्यंत गंभीरपणे करतो. आपण काही हसण्यासारखं करतो आहोत हे त्याच्या गावीही नसतं. २००० साली सिनेमा झाला तेव्हा गोष्ट लंडनहून उचलून शिकागोला नेली आणि तरी ती जशीच्या तशी चालली. चालणारच रे. मीसुद्धा त्या महिन्यात रात्री दोन वाजता मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांची जागा बदलत बसले होते.

आणि नोरा एफ्रॉनची ‘हार्टबर्न’, १९८३ ची. ही माझी जास्त जवळची. अमेरिकेतलं वॉटरगेटचं राजकीय प्रकरण बाहेर काढणाऱ्या दोन बातमीदारांतला कार्ल बर्नस्टीन हा तिचा नवरा. तो दुसऱ्या बाईत गुंतला तेव्हा तिच्या पोटात दुसरं मूल होतं. त्या लग्नाचं जे झालं, त्यातून तिने ही कादंबरी लिहिली. नायिका रेचेल पाककृतींची पुस्तकं लिहिते. सात महिन्यांची गरोदर असताना तिला नवऱ्याचं कळतं, आणि ती रडता रडता मधेच आपल्याला बटाट्याची कृती सांगायला लागते. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, ही काय करते आहे? नंतर उमगलं की हातांना काहीतरी लागतं. तिची सॅलडवर घालायची एक फेटलेली, चटणीवजा ड्रेसिंग आहे, ती नवऱ्याला अतिशय आवडते, आणि तिने त्याला तिची कृती मुद्दाम सांगितलेली नाही. तेवढ्या एका वाटीच्या जोरावर तो आपल्याजवळ राहील असं तिला आत कुठेतरी वाटत असतं. शेवटी एका जेवणाच्या टेबलावर ती लिंबाचा अख्खा ‘पाय’ (pie, तो भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) त्याच्या तोंडावर फेकते. आणि ती कृतीही शेवटी त्याला देऊन टाकते: २ मोठे चमचे मोहरीची पेस्ट, २ चमचे रेड वाइन व्हिनेगर, आणि काट्याने फेटत फेटत हळूहळू ६ चमचे ऑलिव्ह तेल. तो ‘पाय’ फेकला तेव्हा मी हसले, आणि त्या सहा चमच्यांपाशी रडले.

आता माझं सांगते.

त्याने नाही म्हटलं ते डिसेंबरात. लग्न फेब्रुवारीत होतं, हॉल ठरला होता. कारणांत शिरत नाही, तुला ती माहीत आहेत. घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं. लोकलमधल्या आमच्या बायकांना मात्र सांगणं झालं नाही. रोज ठरवायचे, आज सांगू, आणि रोज त्यांतली एखादी विचारायची, "काय गं, साड्या झाल्या घेऊन?" आणि मी म्हणायचे, "दोन राहिल्यात."

जानेवारीत त्यांनी माझं केळवण केलं. पंत, मी ते होऊ दिलं. लेडीज डब्यात, सकाळच्या गर्दीत. खिडकीच्या दांडीला झेंडूची माळ, चौघीजणींनी उभं राहून माझी जागा धरून ठेवलेली, स्टीलच्या डब्यांतून चकली, गुलाबजाम, एकीने पहाटे उठून केलेली मटकीची उसळ. माझी ओटी भरली. हिरवा खण, नारळ, मूठभर तांदूळ. गाडीच्या हिसक्याने तांदळाचे चार दाणे खाली पडले, तर समोरच्या कॉलेजातल्या मुलीने ते वाकून वेचून माझ्या पदरात परत टाकले. मग सगळ्या ओरडल्या, "उखाणा! उखाणा!"

आणि मी घेतला.

"खिडकीची सीट दिली, फुलांची केली नक्षी,
—रावांचं नाव घेते, तुम्ही सगळ्या साक्षी."

तिथल्या तिथे सुचला, आणि नाव घेताना माझा आवाज जराही हलला नाही. टाळ्या पडल्या. घाटकोपरला उतरले आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर ओटीचा नारळ मांडीवर घेऊन बसून राहिले. त्या दिवशी ऑफिसात गेलेच नाही. पुढे दोन महिने मी वीस मिनिटं आधीची गाडी धरत होते, त्यांना तोंड दाखवायला नको म्हणून. मार्चमध्ये त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या काकू मला पुलावर भेटल्या. त्यांनी माझ्या गळ्याकडे एकदा बघितलं. काही विचारलं नाही. माझ्या खांद्यावरची बॅग काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, "उद्यापासून आपल्या गाडीला ये. तुझी खिडकी तशीच ठेवलीय."

आणि आता डबा.

त्याचा तीन पुडांचा डबा माझ्याकडे राहिला होता. जुना, जाड पत्र्याचा, त्याच्या आजोबांचं नाव घातलेला, आणि नावाखाली ‘मुंबई २८’. टिंबाटिंबांनी कोरलेली ती अक्षरं घासून घासून गुळगुळीत झालेली, पण बोटाला अजून लागतात. हा डबा परत करायला हवा होता. कुरियरने पाठवायची माझी तयारी होती, तुझ्या नायिकेसारखी. पण डबा रिकामा कसा परत करायचा? लहानपणापासून हाताला वळणच नाही तसं. मग त्यात घालायचं काय? जो आपल्याला सोडून गेला त्याच्या घरी माणूस काय भरून पाठवतं? मी तीन दिवस याचाच विचार केला. ऑफिसात बसून कागदावर यादी केली. लाडू नकोत, आनंदाचे वाटतात. लोणचं नको, टिकतं. संक्रांत तोंडावर होती, म्हणून गुळपोळ्या केल्या.

पहिल्या रविवारी दादरला त्यांच्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत गेले. वॉचमनने ओळखून हसून लिफ्टचं दार उघडून धरलं. मी म्हटलं, चुकून आले, आणि परत फिरले. गुळपोळ्या गाडीत समोरच्या एका आजींना दिल्या. दुसऱ्या रविवारी पुन्हा केल्या. मेगाब्लॉक होता, मला माहीत होता, तरी निघाले, आणि ठाण्याहून परत आले. तिसऱ्या रविवारी बेल वाजवली.

दार काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, उघडलं. तो घरी नव्हता. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, डबा आत नेला. नळाचा आवाज आला, डबा धुतल्याचा, पुसल्याचा. मग त्या बाहेर आल्या, डब्याची कडी लावत, आणि नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "रिकामा कसा देऊ गं? नारळाच्या वड्या आहेत, कालच केल्यात." आणि डबा माझ्या हातात दिला.

त्यांचाच डबा, पंत. त्यांच्या सासऱ्यांचं नाव असलेला. दारात पोचल्यावर दोघींच्याही एकदम लक्षात आलं. माझा हात कडीवर, त्यांचा हात डब्याखाली. मी देऊ शकत नव्हते, त्या घेऊ शकत नव्हत्या. शेवटी त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि दार लोटून घेतलं. डबा माझ्याबरोबर डोंबिवलीला आला. वड्या मी सात दिवस पुरवून खाल्ल्या, रोज दोन, आणि सातव्या दिवशी शेवटची वडी तोंडात असताना मला पहिल्यांदा भूक लागल्यासारखी भूक लागली. उठून वरणभात लावला.

हे तू घे. केळवण घे, उखाणा घे, डबा घे, सगळं तुझ्या नायिकेला दे. फक्त तिला हसू देऊ नकोस. तिने उखाणा खणखणीत घ्यावा, गुळपोळ्यांचं सारण नीट भाजावं. आणि गुहागरचा प्रवेश काढून टाक, हात जोडते. शेवटी तो परत येतो की नाही हे तुझं तू ठरव. मला तो यायला नको आहे, पण नाटक तुझं आहे. त्याची आई मात्र रंगमंचावर आलीच पाहिजे.

पुढच्या रविवारी वाचनाला येते. सकाळची इंद्रायणी कल्याणला पकडीन. डबा घेऊन येते. तालमीत प्लॅस्टिकचा डबा वापरू नका, हाच वापरा. याचा आवाज वेगळा येतो. नाव घासून काढायला कुणाला देऊ नकोस. आईंना सांग, चिवडा आणि तुझ्या आवडीच्या शेवेच्या वड्या घालून आणते. मधल्या पुडाचं झाकण फार घट्ट बसतं, पोटाशी धरून डावीकडे फिरवलं की निघतं. जी मुलगी नायिका करणार आहे तिला मी आल्यावर दाखवीन.

तुझी,
चिमी