गडग्यावरचा वेल

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गडग्यावरच्या वेलाचे नाव नक्की झाले आहे आणि शनिवारी तो काढून टाकायला मी आपल्या गड्याला परस्पर सांगूनही ठेवले आहे. तुम्हाला न विचारता सांगितले म्हणून बाबा रागावतील हे ठाऊक आहे; परंतु विचारले असते, तर "शेंगा वाळू देत, मग बघू" हेच उत्तर आले असते आणि धोका नेमका शेंगा वाळण्यातच आहे.

ती खाजकुहिली आहे. बाजारातल्या त्या माणसाने बिया देताना अबई म्हणून सांगितले आणि पानेही तीन-तीन दलांची निघाली, त्यामुळे भाजी होणार अशी आशा लागली, यात नवल नाही. पण आईने कुंकवाच्या डबीत राखून ठेवलेल्या बियांचा फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा मला शंका आली. अबईच्या बीचा डोळा, म्हणजे बी शेंगेला चिकटते तिथली खूण, लांबट, जवळजवळ बीच्याच लांबीचा असतो. या बियांचा डोळा आखूड, भोवती पांढुरकी उंच कड. मग पाने उलटी करून टिपलेले फोटो आले: पाठीवर रुपेरी लव, बाजूची दोन्ही दले बुडाशी एकीकडे फुगलेली. घोस लोंबते आणि फुले गडद जांभळी. अबईची फुले पांढरी किंवा गुलाबी असतात. शेवटी इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या, मखमली शेंगा दिसल्या आणि शंका उरली नाही.

हिची एक पाळीव जातही आहे, शेतकरी ती हिरवळीच्या खतासाठी लावतात आणि तिच्या शेंगांना खाज नसते. पण आई, शेंग हाताळल्यावर तुझे मनगट पेटले होते आणि तू "किडा चावला असेल" म्हणून विषय संपवलास, त्यावरून आपली रानटीच दिसते. शेंगा वाळल्या की त्यांच्यावरचे खाजरे केस वाऱ्याने सुटतात. डोळ्यांत गेले तर फार वाईट. त्यांतल्या म्यूक्युनेन नावाच्या द्रव्याने उठणारी खाज नेहमीच्या ॲलर्जीच्या गोळीलाही फारशी दाद देत नाही. लहानपणी मी रानातून रडत आले, तेव्हा तू अंगाला शेण लावून वाळल्यावर खरवडलेस आणि बाबा रात्रभर पंख्याने वारा घालत बसले, ते मी अजून विसरलेले नाही. या वयात तुमच्यावर ती पाळी येऊ नये, एवढेच.

आता बाबांसाठी. तात्या म्हणतात ते खोटे नाही: वैद्यकात हिला कपिकच्छू म्हणतात, कंपवातावर तिच्या बिया देतात आणि 1937 साली दामोदरन व रामस्वामी या संशोधकांनी याच बियांतून लेव्होडोपा हा औषधी घटक वेगळा केला. तुमच्या गोळीतही तोच आहे, आणि म्हणूनच बियांचे चूर्ण घ्यायचे नाही. बियांत तो साधारण 3 ते 6 टक्के असतो, म्हणजे चमचाभर, पाचेक ग्रॅम चूर्णात 150 ते 300 मिलिग्रॅम. गोळीत तो 100 मिलिग्रॅम मोजून घातलेला आहे, शिवाय मळमळ आवरणारा कार्बिडोपा सोबत आहे. वरून चूर्ण पडले, तर रक्तदाब उतरेल, तोल जाईल, अंग वेडेवाकडे हलू लागेल. वैद्यसुद्धा बिया दुधात शिजवून, साल काढून, मग वापरतात. तुम्हाला घ्यायचेच असेल, तर पुढच्या तपासणीला मी सोबत येते, डॉक्टरांना समोरासमोर विचारू. नाही म्हणाले, तर वाद घालायचा नाही.

मागच्या पडवीची सावली जाणार, याची मला जाणीव आहे. झोपाळ्यावर ऊन येऊ नये म्हणून हिरवी जाळी पाठवली आहे, ती शनिवारीच बांधून होईल. मांडव तसाच ठेवायला सांगितला आहे. पावसाळ्याच्या तोंडी त्यावर गोकर्ण चढवू, बिया मी आणते. आईने इतक्या मायेने वाढवलेला वेल काढायचा, हे लिहितानाही जिवावर येते.

शेंगा हिरव्या असतानाच, आधी पाणी मारून, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून उतरवायच्या आणि खड्ड्यात पुरायच्या. जाळायच्या मुळीच नाहीत. डबीतल्या बियाही त्याच खड्ड्यात टाका. काम चालू असताना दोघांनीही परसात यायचे नाही, "नुसते उभे राहतो" असेही नाही. कुठे केस लागलेच, तर चोळू नका; चिकटपट्टी लावून उपटा, मग साबणाने धुवा आणि कपडे वेगळे भिजवा. बाबांची दुपारची गोळी त्या गडबडीत चुकवू नका, ती जेवणाआधी अर्धा तास द्यायची आहे.

तुमची,
मनू