हंगाम उरकला, आता इंजिनातलं पाणी काढायचं

मिडलंड, ओंटारिओ
ऑक्टोबरअखेर

ती. आप्पा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. आई, कडबोळी एकही मोडली नाही. करंज्यांचा मात्र चुरा झाला होता, तो आम्ही वाटीत घेऊन चमच्यानं संपवला.

आप्पा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बोटी पाण्याबाहेर काढून ठेवल्या की झालं की. मग तुम्ही सगळे मेकॅनिक महिनाभर करताय काय?" तेवढ्यात मागनं बाळ्या ओरडला की मामाच्या गावातल्या पुराच्या बोटीचं इंजिन ताडपत्रीखाली पडलंय, त्याचं काय करायचं. दोन्हीचं उत्तर पुष्कळसं एकाच गावाला जातं, आणि फोनवर सांगायला गेलं की तुम्ही मधेच "बरं, जेवलास का?" करता. म्हणून लिहायला बसलो.

इथं बोटीचा हंगाम मे ते ऑक्टोबर. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी यांचा थँक्सगिव्हिंगचा सण असतो, तो झाला की मालक लोक रांग लावतात. चाकांवरची एक भली मोठी चौकट असते, तिचे दोन रुंद पट्टे बोटीच्या पोटाखालनं घालायचे आणि बोट अलगद उचलून आवारात स्टँडवर ठेवायची. आमचं आवार सरोवराच्या खाडीवर आहे, जानेवारीत हीच खाडी इतकी गोठते की लोक बर्फावर खोपट टाकून, भोक पाडून मासे धरत बसतात. पारा शून्याखाली वीस-पंचवीस. आपल्याकडं चौदा झाला की तुम्ही कानटोपी काढता, म्हणून सांगतोय.

आता इंजिन. बाळ्याच्या बोटीला जसं मागं लटकवलेलं असतं तसं नाही, हे बोटीच्या पोटात बसवलेलं असतं. बहुतेक शेवरलेटचं 5.7 लिटरचं व्ही-एट, म्हणजे ट्रकातलंच, बोटीसाठी थोडं बदललेलं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, बिडाचा; एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारे जाड नळ, तेही बिडाचे. आणि गार करायची पद्धत तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. शेतातल्या ऑईल इंजिनाला आपण पंपाच्या डिलिव्हरीवरनं बारीक लाईन काढून पाणी द्यायचो आणि ते इंजिनातनं फिरून पाटात पडायचं, आठवतंय? इथंही तेच. बोटीखालचं सरोवराचं पाणी रबरी इम्पेलरचा, म्हणजे पाकळ्यांच्या चाकाचा, पंप ओढतो, ते ब्लॉकमधनं, मॅनिफोल्डमधनं फिरतं आणि धुराबरोबर मागनं बाहेर पडतं. रेडिएटर नाही, कूलंट नाही. बरं, ब्लॉकात कूलंट असलेलीही इंजिनं आहेत, पण त्यांनाही ते कूलंट गार करायला हीट एक्स्चेंजरमधनं सरोवराचंच पाणी फिरवावं लागतं. म्हणजे पाण्यातनं सुटका कुणाचीच नाही.

बंद केल्यावर हे पाणी सगळं निघून जात नाही. ब्लॉकच्या दोन्ही अंगाला, मॅनिफोल्डच्या तळाला, पंपात, होज पाईपच्या झोळात साठून राहतं. गोठताना पाणी नऊ टक्क्यांनी फुगतं, आणि बीड काही ताणत नाही, ते तडकतं. बिडाला वेल्डिंग कसं धरतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. इथं ब्लॉक फुटला की नवं इंजिनच बघायचं.

काकांना एक गंमत सांगा, त्यांची हयात फौंड्रीत गेली. ब्लॉकच्या अंगाला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात ना, इथल्या कित्येक बोटवाल्यांची पक्की समजूत आहे की गारठ्यात त्या टोप्या बाहेर उडतात आणि ब्लॉक वाचतो, म्हणून कंपनीनं त्या ठेवल्यात. अहो, ती ओतकामात आतल्या पोकळीसाठी भरलेली कोअरची वाळू काढायला ठेवलेली भोकं! काका हसतील. कधी टोपी उडते, कधी आधी ब्लॉकच जातो. बर्फ काय कुणाला विचारून फुगतंय थोडंच.

तर काम असं चालतं. इंजिन तापवायचं म्हणून आधी पाण्याची सोय करतो: बोट बाहेर असली तर पंपाच्या ओढीला बागेचा पाईप जोडायचा. कोरडं चालवलं तर इम्पेलर बघता बघता जळतो. आणि सेल्फ मारायच्या आधी पेट्रोलच्या बोटीत ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, निदान चार मिनिटं चालवायचाच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती इंजिनाखाली तळाला बसते. एक ठिणगी पडली की संपलं. आमचा फोरमन याबाबतीत एकदम कडक आहे, आणि मला ते आवडतं.

पेट्रोल पडून खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर आधीच घातलेला असतो, तो कार्बोरेटरपर्यंत पोचावा म्हणून दहा-पंधरा मिनिटं चालू द्यायचं. ऑईल गरम झालं की त्याच वेळी बदलायचं. जळकं ऑईल आम्ल आणि ओल धरून असतं, ते सहा महिने बेअरिंगांवर बसू द्यायचं नाही. खाली बादली ठेवायला जागाच नसते, मग डिपस्टिकच्या नळीतनं बारीक पाईप घालून पंपानं ओढून काढतो. शेवटी चालू इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये फॉगिंग ऑईल फवारायचं, मागनं पांढरा धूर निघतो, इंजिन धापा टाकत बंद पडतं. सिलिंडरच्या भिंतींवर तेलाचा पापुद्रा बसला की गंज चढत नाही. डिझेलला हे फवारे मारायचे नसतात, तिथं फिल्टर आणि पाण्याचा निचरा सांभाळला की पुरे.

मग खरं काम. इंजिनाच्या झाकणातनं उताणं-पालथं होत खाली शिरायचं आणि पाणी काढायचे प्लग एकेक सोडायचे. काही इंजिनांना ते निळ्या प्लास्टिकचे असतात, हातानं फिरतात. जुन्यांना पितळी, त्यांना पाना लागतो. प्लग निघाला की नवीन पोरगं बघतं, पाणी आलं नाही, म्हणतं रिकामं आहे. इथंच फसायला होतं. ब्लॉकच्या आतल्या गंजाचा गाळ अगदी त्या भोकाशी येऊन बसलेला असतो. वाकवलेली तार भोकात घालून आत-बाहेर करायची. पहिल्यांदा चहाच्या चोथ्यासारखा तांबूस लगदा बोटावर येतो, मग दोन थेंब, आणि मग एकदम भळाभळा पाणी सुटतं, कोपरापर्यंत बाही भिजते. ते आपसूक थांबलं की परत तार. प्रत्येक भोकाला हेच. मॅनिफोल्डचे दोन, ब्लॉकचे दोन, पंपाचे होज, तेलाचा कूलर असेल तर तो. सोडलेला प्रत्येक प्लग एका पिशवीत टाकायचा आणि पिशवी स्टिअरिंगला बांधायची, म्हणजे कुणी घाईनं किल्ली फिरवणार नाही.

पाणी निघाल्यावर प्लग परत लावून गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं, गाडीतल्या हिरव्या विषारी कूलंटसारखं नाही, म्हणून पाण्यात गेलं तरी तितकं भय नसतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच उघडणारी झडप, तिच्याजवळचे मोठे होज काढून वरनं ओतत जायचं. यावरनं आमच्याकडं दरवर्षी वाद असतो. पुष्कळ लोक पाणी न काढता नुसती बादली लावून अँटिफ्रीझ पंपानं ओढवतात, मागनं गुलाबी दिसलं की खूष. पण इंजिन पुरतं तापलेलं नसेल तर थर्मोस्टॅट मिटलेला असतो. तो मिटला की गुलाबी रस ब्लॉकला वळसा घालून थेट एक्झॉस्टमधनं बाहेर पडतो, आणि ब्लॉकमध्ये सरोवराचं पाणी जसंच्या तसं. तापलेलं असलं तरी आतल्या पाण्यात मिसळून ते पातळ होतं आणि किती थंडी सोसेल तो डब्यावरचा आकडा डब्यावरच राहतो. गेल्या वसंतात दुसरीकडनं आलेली एक बोट बघितली. डिपस्टिक ओढली तर ऑईल कॉफीत दूध घातल्यासारखं. वरचं इनटेक मॅनिफोल्ड खोललं, तर ब्लॉकला आतल्या बाजूला वीतभर चीर. मालक सारखा म्हणत होता, गुलाबी आलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. त्याचं खोटं नव्हतंच. म्हणून मी म्हणतो, रंगावर जायचं नाही; आधी तार घालायची आणि मगच ओतायचं, आणि ओतून झाल्यावर खालच्या प्लगमधनं चार थेंब काढून ते किती थंडी सोसतील ते रिफ्रॅक्टोमीटरवर बघायचं.

बाकीचं भराभर सांगतो. इम्पेलर काढून घ्यायचा, नाहीतर त्याच्या पाकळ्या एका अंगाला वाकलेल्या तशाच राहतात. बॅटरी पूर्ण चार्ज करून सोडवायची. भरलेली बॅटरी इथली थंडी सोसते, उतरलेली मात्र शून्याखाली दहाच्या आसपासच गोठते. तळाचा बूच काढून ठेवायचा म्हणजे आत शिरलेलं पावसाचं, बर्फाचं पाणी वाहून जातं. एक्झॉस्टच्या तोंडात तारेचा काथ्या कोंबायचा, कारण उंदीर इथंही आहेत आणि वायरी खायची त्यांची आवड काही वेगळी नाही. वरनं पांढरं प्लास्टिक ताणून गरम हवेनं आवळलं की बोट मेपर्यंत आमच्या डोक्यातनं जाते.

आता बाळ्या, नीट वाच. आपल्याकडं गोठायची भानगड नाही. शिवाय मागं लटकवायचं इंजिन उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप खाली उतरतं. म्हणून पहिली गोष्ट, ते आडवं पडलं असेल तर उठवा आणि लाकडी घोड्यावर उभं टांगा. आपल्याकडं इंजिन मरतं ते गाळानं आणि पेट्रोलनं. पुराचं पाणी म्हणजे निम्मी माती. ती आतल्या वाटांत बसून वाळली की सिमेंट. स्वच्छ पाण्याचं पिंप घे, पाणी ओढायच्या जाळीच्या वरपर्यंत बुडव, पंख्याला हात लागणार नाही असं बघ, आणि न्यूट्रलमध्ये चालव. बाजूच्या बारीक भोकातनं धार येते ना, ती जोरात आणि स्वच्छ येईपर्यंत. धार कमी असेल तर इम्पेलर गेलाय किंवा भोक तुंबलंय. मातीच्या पाण्यात इम्पेलर लवकर झिजतो, तो दरवर्षी बदललेला बरा.

मग चालू इंजिनाचा पेट्रोलचा पाईप काढ आणि ते स्वतः बंद पडू दे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. टाकीत पेट्रोल ठेवू नका. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं, आपल्याच कारखान्यांच्या उसाचं म्हण हवं तर. ते हवेतली ओल ओढतं, आणि ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीतला पाईपही तळातनंच ओढतो. टू-स्ट्रोक असेल तर त्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळलेलं असणार, ते गाडीत घालू नकोस, गवत कापायच्या टू-स्ट्रोक मशीनला चालेल.

स्पार्क प्लग काढून आत चमचाभर ऑईल, आणि दोरी चार-पाच वेळा सावकाश ओढ. खाली गिअरच्या पेटीला दोन स्क्रू असतात. खालचा काढ, मग वरचा. ऑईल दुधाळ निघालं तर सील गेलंय, आत्ताच बदला, जूनमध्ये नको. नवं ऑईल खालच्या भोकातनं वर दाबत भरायचं, वरनं बाहेर येईपर्यंत. वरनं ओतलं तर हवा अडकते. पंखा काढून शाफ्ट बघ, जाळ्याचा दोरा नाहीतर प्लास्टिक गुंडाळलेलं असतंय, तेच सील खातं.

आणि मे महिन्यात, रोहिणी निघायच्या आत, पिंपात एकदा चालवून बघायचं. नवं पेट्रोल, चार्ज केलेली बॅटरी असेल तर ती, आणि दोरीनं सुरू होतंय का तेही. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, हे सगळ्यांना पाठ आहे. 2019 आणि 2021 ला पाणी 55 च्या वर गेलं, तेव्हा कोल्हापुरात उद्यमनगरात इंजिन नेऊन दाखवायला रस्ता तरी होता का? आप्पा, तुम्ही शनिवारी दुकान लवकर बंद करून मामाकडं एक चक्कर मारलीत तर बाळ्या हे सगळं करेल. तुम्ही खुर्चीत बसून नुसतं बघा, पाना हातात घेऊ नका, कंबरेचं लक्षात आहे ना.

बाळ्या, इंजिनाच्या ब्रॅकेटवर एक पट्टी असते, त्यावरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर यांचा फोटो पाठव. पुसट झाला असेल तर ओल्या फडक्यानं पूस, घासू नकोस. त्यावरनं इम्पेलर आणि गिअरचं सील कुठलं लागतं ते मी इथनं बघून सांगतो. कोल्हापुरात नाही मिळालं तर डिसेंबरात इकडनं एकजण पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर देतो.

आई, इकडं सगळं ठीक. लोकरीचे मोजे पाठवू नकोस, आहेत. भडंग मात्र पाठव.

कळावे,
तुमचा,
थोरला

ता. क. आप्पा, काकांना त्या टोप्यांचं नक्की विचारा, आणि काय म्हणाले ते मला कळवा.