रीळ बदलताना खेळ थांबत नसे

महोदय,

जुन्या टॉकीजमध्ये रीळ संपलं की खेळ थांबायचा, हा समज अर्धाच खरा. एकच प्रोजेक्टर मशीन असलेल्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत थांबावं लागे. टॉकीजमध्ये दोन मशीन असत. २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चाले. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरी मोटर सुरू करायची, सात-आठ सेकंदांनी पुन्हा ठिपका, की चित्र दुसऱ्या मशीनवर. खरी कसरत मशीनच्या दिव्यातल्या कार्बनची: दोन कांड्यांमधल्या ठिणगीचाच उजेड. कांड्या जळून अंतर वाढलं की उजेड मंदावे, शेवटी विझे. गेटखालचा (उजेडासमोरून फिल्म जिथून सरकते त्या चौकटीखालचा) लूप, म्हणजे फिल्मचा सैल वेढा, बिघडला तर ओठ आणि आवाज जुळेनात, कारण ध्वनी चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापलेला. मराठवाड्यातल्या उन्हाळी धुळीनं फिल्मवर उभे ओरखडे पडत. दर रिळानंतर गेट पुसणं हाच उपाय.

– एक माजी ऑपरेटर, परभणी