घोडी अडेल नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे फोटो पेपरात येऊ लागतात. त्या बाजारातली काही जनावरं आमच्या खटाव तालुक्यात येतात आणि त्यातली काही पुढे माझ्याकडे. मालकाची तक्रार बहुधा एकच असते: दोरीवर फिरत नाही, अडेल आहे.

मी लष्कराच्या घोडदळात, जयपूरच्या ६१ कॅव्हलरीत दफेदार होतो. घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवण्याला तिथे लाँजिंग म्हणत. आपल्या जुन्या मराठीत त्याला कावा देणे असा शब्द आहे. शब्द मागे पडला, आणि रीतही.

गेल्या वर्षी शेजारच्या गावातून तीन वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी आली. वरातीसाठी घेतलेली. मालकाने मला तिची चाल दाखवली ती अशी: एक गडी तोंडाला ओढतोय, दुसरा मागून चाबूक मारतोय, आणि घोडी मध्ये थरथरत उभी. थोड्या वेळाने ती दोन पायांवर झाली. बघणारे टाळ्या वाजवत होते. मला ते बघवलं नाही.

आधी तिचं तोंड पाहिलं. दोरी लगामाच्या कडीला बांधलेली होती, ओठांचे कोपरे फाटून चिघळलेले. पुढे गेलं की दोरी ताणते आणि तोंडात कळ येते, मग ती पुढे का जाईल? लगाम काढला, नाकावर जाड पट्टी असलेली मोहरकी चढवली. आठ दिवस जखमेला औषध, फिरवणं बंद.

मग आठ मीटरची दोरी घेतली. त्याहून लहान फेऱ्यात कोवळ्या पायांवर ताण येतो. पहिल्या दिवशी चूक माझ्याकडूनही झाली. घोडी थांबून माझ्याकडे वळायची, मी दोरी ओढायचो, ती आणखी आत यायची. मग लक्षात आलं, मी तिच्या खांद्याच्या पुढे उभा होतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. माणूस खांद्यापुढे सरकला की तो वाट अडवतोय असं त्याला वाटतं. तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, मागे राहिला की पुढची वाट मोकळी दिसते. मी दोन पावलं मागे सरलो, तोंड तिच्या पुठ्ठ्याकडे, म्हणजे मागच्या अंगाकडे केलं, चाबकाचं टोक जमिनीलगत तिच्या मागच्या पायांकडे धरलं आणि नुसतं ‘चल’ म्हटलं. तिने एक पाऊल टाकलं. त्याच क्षणी मी चाबूक खाली केला, दोरी सैल सोडली. हा क्षण सगळ्यात मोलाचा. पाऊल टाकल्यावरही तगादा चालूच राहिला, तर पुढे जाऊन काय मिळालं हे जनावराला कळणार कसं?

त्या दिवशी चार मिनिटांतच थांबलो. पुढे माझा नातू बाहेरच्या बाजूने तिच्या तोंडाशी चालायचा, हळूहळू दूर व्हायचा. नवव्या दिवशी ती एकटी, आवाजावर दुडकी धरून फिरली, मान खाली, नाकातून फुरफुरत. उजवीकडून फिरायला मात्र आणखी दहा दिवस लागले, कारण आपण खरारा, खोगीर, सगळं डाव्या अंगाने करतो. आजही दोन्ही बाजू मिळून बारा मिनिटांच्या वर मी तिला फिरवत नाही. घोड्याच्या कण्याची हाडं पुरती पक्की व्हायला पाच वर्षं तरी जातात.

बाजार भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चाल दाखवायला किमान सोळा मीटर रुंदीचं, कठडा घातलेलं मऊ मातीचं रिंगण करा. लगामाला दोरी बांधून फिरवायला मनाई करा. जनावरांच्या डॉक्टरांकडून ओठांचे कोपरे तपासून घ्या, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि आपणही दोन पायांवर उभ्या घोड्याचा फोटो छापताना त्याखाली ‘नाचणारा घोडा’ लिहिण्याआधी त्याचं तोंड एकदा जवळून पाहावं.

कुमैत घोडी आता चार वर्षांची आहे. वरातीला तिला अजून नेलेलं नाही. मालकाने वर्षभर थांबायचं कबूल केलं आहे.

आपला,
एक निवृत्त दफेदार,
ता. खटाव, जि. सातारा