जागा तीच, स्टेडियम मात्र ते नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नीरज चोप्रा यांच्या ऑलिंपिक सुवर्णपदकाविषयी आपल्या क्रीडा पानावर अलीकडे आलेल्या लेखात, मिल्खासिंग ज्या स्टेडियमवर धावले त्याच स्टेडियमवर नीरज यांनी भाला फेकला, अशा आशयाचे विधान होते. टोकियोतील ती जागा एकच आहे, हे खरे. परंतु मिल्खासिंगांच्या वेळचे राष्ट्रीय स्टेडियम २०१५ साली पाडण्यात आले आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज यांनी ८७.५८ मीटरची फेक केली ती त्या जागी नव्याने उभारलेल्या वास्तूत. चूक लहान वाटेल, पण तिच्यापोटी एका थोर मैदानाचा इतिहास झाकला जातो, म्हणून हा पत्रप्रपंच.

हे जुने स्टेडियम १९५८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधले गेले. त्याच स्पर्धेत मिल्खासिंगांनी २०० आणि ४०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या आणि त्यांतली २०० मीटरची शर्यत पाकिस्तानच्या अब्दुल खालिक यांच्याशी विलक्षण अटीतटीची झाली. भारताची त्या स्पर्धेतील पाचही सुवर्णपदके ॲथलेटिक्समधली होती, हे आज फारसे कोणी सांगत नाही. पुढे १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये गुरबचनसिंग रंधावा ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पाचवे आले, तेही इथेच. (त्याच ऑलिंपिकमधील आपले हॉकीचे सुवर्णपदक मात्र कोमाझावा येथील मैदानावरचे आहे, या दोन जागांची गल्लत वारंवार होते.)

त्या जमिनीचा इतिहास याहूनही जुना आहे. तेथे १९२४ पासून मेइजी मंदिराच्या बाह्य उद्यानातील स्टेडियम होते. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी, भर पावसात, युद्धावर निघालेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे संचलन त्या मैदानावर झाले. खांद्यावर बंदुका घेतलेल्या त्या मुलांपैकी अनेक जण परत आले नाहीत. त्यानंतर बरोबर एकवीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९६४ रोजी, त्याच जागेवर १९५८ च्या स्पर्धांसाठी उभारलेल्या स्टेडियममध्ये ऑलिंपिक मॅरेथॉनची अखेर झाली. इथिओपियाचे अबेबे बिकिला पहिले आले आणि शर्यत संपताच हिरवळीवर व्यायाम करू लागले. त्यांच्या मागोमाग जपानचे कोकिची त्सुबुराया दुसऱ्या क्रमांकावर आत आले, तेव्हा सारे स्टेडियम उभे राहिले. पण अखेरच्या फेरीत ब्रिटनच्या बेझिल हीटली यांनी त्यांना सर्वांदेखत मागे टाकले. त्सुबुराया यांचे ते कांस्यपदक हे त्या ऑलिंपिकमधले जपानचे ॲथलेटिक्समधील एकमेव पदक ठरले. एकाच जमिनीने दोन पिढ्यांतील तरुणांची ही दोन रूपे पाहिली, आणि टोकियोच्या त्या मैदानाचे मोल मला सर्वांत जास्त याच गोष्टीत वाटते.

नंतरच्या काळात तेथे फुटबॉलचे आणि रग्बीचे मोठे सामने झाले, युरोप व दक्षिण अमेरिकेतील विजेत्या फुटबॉल क्लबांची लढत अनेक वर्षे तेथेच होत असे, आणि १९९१ च्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत माइक पॉवेल यांनी ८.९५ मीटरची लांब उडी घेतली. तो विक्रम अजून अबाधित आहे. ज्या खड्ड्यात ती उडी पडली तो मात्र राहिलेला नाही.

पाडकामाची हकिगत आपल्याकडच्या वाचकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. वास्तुरचनाकार झहा हदीद यांचा नव्या स्टेडियमचा आराखडा २०१२ साली निवडला गेला आणि पुढच्या वर्षी टोकियोला ऑलिंपिक मिळाले. फुमिहिको माकी यांच्यासारख्या ज्येष्ठ वास्तुरचनाकारांनी त्या अवाढव्य आराखड्याला जाहीर विरोध केला आणि तोयो इतो यांनी जुनेच स्टेडियम सुधारून वापरावे असा पर्याय मांडला. तरीही ३१ मे २०१४ रोजी निरोपाचा कार्यक्रम झाला आणि पुढच्या वर्षी वास्तू पाडली गेली. जागा मोकळी झाल्यानंतर, जुलै २०१५ मध्ये, खर्चाचा अंदाज सुमारे २५२ अब्ज येनवर गेल्यामुळे पंतप्रधान शिंझो आबे यांनी तोच आराखडा रद्द केला. डिसेंबरमध्ये केंगो कुमा यांचा दुसरा आराखडा निवडला गेला आणि नवे स्टेडियम २०१९ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाले. तोवर ज्या रग्बी विश्वचषकासाठी घाई केली होती, त्याचा अंतिम सामना योकोहामाला होऊन गेला होता. भूकंपाच्या देशात पन्नाशी उलटलेली वास्तू बदलावी लागते, हे मला मान्य आहे. परंतु नवे काय बांधायचे हे पक्के होण्याआधी जुने पाडणे ही घोडचूकच होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र जपानी लोकांनी मनापासून केली. १९६४ ची ऑलिंपिक ज्योत ज्या कुंडात तेवली तो ओतीव कुंड त्यांनी जपला, आणि जुन्या प्रेक्षक-सज्जातील भित्तिचित्रे उतरवून नव्या वास्तूत आणून लावली.

मी हे सातारकर म्हणून लिहीत आहे. हा जिल्हा खाशाबा जाधवांचा आणि रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणाऱ्या मोहीच्या ललिता बाबर यांचा आहे. येथील छत्रपती शाहू क्रीडा संकुलात २०२२ साली महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली. अशा मैदानांवर, तालमींत आणि शाळांच्या पटांगणांत कोण खेळले, कोणती स्पर्धा कधी झाली, याची नोंद बहुधा जुन्या खेळाडूंच्या आठवणीत आणि घरच्या अल्बममध्येच असते. आपण लेखातील ती चूक दुरुस्त करालच. त्याबरोबर माझी विनंती आहे की, आपल्या दैनिकाने वाचकांकडून जिल्ह्यातील मैदानांची जुनी छायाचित्रे, स्पर्धापत्रिका आणि प्रमाणपत्रे मागवून ती तारीखवार प्रसिद्ध करावीत, आणि कोणत्याही मैदानाच्या नूतनीकरणाची निविदा निघेल तेव्हा तेथील जुन्या फरशा, फलक व नामावल्या कोठे ठेवणार, हा प्रश्न संबंधित कार्यालयाला विचारावा. माझ्याजवळची छायाचित्रे मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा