मार्चअखेरची प्रयोगशाळा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी उजाडला की ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या शाळांत टेम्पो येऊ लागतात. प्रयोगशाळेच्या साहित्याची खोकी उतरतात, फीत कापली जाते, कंपनीच्या नावाचा फलक भिंतीवर पक्का बसतो. आठवड्याभरात खोलीला कुलूप लागते, कारण दहावीची परीक्षा सुरू असते आणि बाकीच्या वर्गांची उजळणी. खोली उघडते ती जून उलटल्यावर. कंपन्यांच्या फाउंडेशनकडून विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणासाठी येणारा पैसा नेमका मार्चच्या तोंडावर का येतो आणि त्यातून फक्त खोकीच का येतात, याची कारणे कायद्यात कमी आणि कायदा वाचण्याच्या पद्धतीत जास्त आहेत.

कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी रेषा ओलांडली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे महापे-रबाळ्याच्या कंपनीला दिघा किंवा तुर्भे स्टोअरची शाळा शोधायला लांब जायला नको.

गाडी अडते ती पुढे. काम राबवणाऱ्या संस्थेला धनादेश दिला म्हणजे पैसा खर्च झाला असे धरता येत नाही. संस्थेने तो प्रत्यक्ष वापरला पाहिजे, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यालाही विनियोगाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. नियम चांगला आहे, पण वर्षाचे चक्र कसे फिरते ते पाहा. संचालक मंडळाची मंजुरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, शाळा पाहणी दिवाळीनंतर, करार डिसेंबरात, पहिला हप्ता जानेवारीत. आणि ३१ मार्चपूर्वी विनियोगाचा दाखला हवा. अडीच महिन्यांत पूर्ण वापरता येते अशी एकच गोष्ट असते, जिचे बिल फाडता येते ती. पुढच्या जूनपासूनचे प्रशिक्षकाचे मानधन मार्चमध्ये खर्ची टाकता येत नाही. मग सगळी रक्कम साहित्यात जाते.

यावर तोड त्याच कायद्यात आहे. संचालक मंडळाने प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून ठरवला तर तो सुरू झालेले वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवता येतो. उरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, अखर्चित निधीच्या वेगळ्या बँक खात्यात टाकायची, एवढेच. प्रकल्प तसा ठरवला नाही, तर मात्र उरलेला पैसा सहा महिन्यांत कायद्याच्या परिशिष्ट सातमधल्या एखाद्या सरकारी निधीत भरावा लागतो, आणि तो भरला नाही तर दुप्पट किंवा एक कोटी, यांपैकी कमी असेल तेवढा दंड. घाई होते ती या दुसऱ्या वाटेच्या धास्तीने. पहिली वाट मोकळी असते, पण तिला वेगळे खाते, मंडळाचा ठराव आणि वार्षिक अहवालात दर वर्षी एक जास्तीचा तक्ता लागतो. तेवढ्या लिखापढीपायी शाळेचे अख्खे वर्ष जाते.

दुसरा गैरसमज ५ टक्क्यांचा. "पगाराला पैसे देत नाही, प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे," हे उत्तर संस्थांना सर्रास मिळते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारखर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यातून नियमातच वगळला आहे. शाळेत येऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचे मानधन हा प्रकल्पाचा खर्च आहे. कोणी नकार दिला तर संस्थेने जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीतली 'प्रशासकीय खर्च' ही व्याख्या अर्जासोबत जोडावी, वाद तिथेच मिटतो.

आता कुलपाआड काय होते ते. संचातल्या ट्रॉली-गाड्यांत आणि मल्टिमीटरमध्ये साधे झिंक-कार्बन सेल बसवूनच दिलेले असतात. तीन-चार महिने पडून राहिले की ते पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. जुलैत गाडी हलत नाही, शिक्षक 'संच खराब' असा शेरा मारतात. थ्रीडी प्रिंटरची पीएलए नावाची प्लास्टिकची तार उघड्या रिळावर ठेवली की खाडीलगतच्या पावसाळी हवेत ओल धरते. छापताना चटचट आवाज येतो, वस्तूवर केसासारखे धागे निघतात, आणि प्रिंटरचे ०.४ मिलिमीटरचे तोंड तुंबते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून रीळ ठेवले तर ही वेळ येत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर खरीखुरी बुरशी येते, तिलाही हाच उपाय.

वर्ग सुरू झाल्यावरची रड वेगळी. आर्डुइनो हा प्रोग्रॅम लिहून चालवता येणारा छोटा सर्किट बोर्ड. त्याच्या स्वस्त जुळ्या बोर्डांवर सीएच३४० नावाची चिप असते. तिचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ती ओळखू देणारी प्रणाली, शाळेच्या संगणकात नसला तर बोर्ड जोडूनही पोर्ट दिसत नाही, आणि ड्रायव्हर टाकायला लागणारा पासवर्ड संगणक बसवून गेलेल्या पुरवठादाराकडे असतो. आर्डुइनोची नवी, २.० मालिकेतली संगणक-प्रणाली विंडोज १० आणि ६४ बिट मागते. जुन्या संगणकांवर १.८ मालिकाच टाकावी लागते. मुलांनी एलईडी थेट पिनला जोडला की पिन जळू शकते. पाच व्होल्टमधून लाल एलईडीचे साधारण दोन व्होल्ट वजा केले तर तीन उरतात. मध्ये २२० ओहमचा रोधक टाकला की धारा १४ मिलिअँपिअरच्या आत राहते, आणि पिनची कमाल मर्यादा ४० आहे. नववीच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथे आधीच हातात सापडतो. सर्व्हो मोटार (ठरावीक कोनात फिरणारी) बोर्डाच्याच पाच व्होल्टवर चालवली की बोर्ड मध्येच पुन्हा-पुन्हा सुरू होतो. तो बिघाड नसतो. मोटारीला चार पेन्सिल सेल वेगळे द्यावेत आणि दोन्हींचे ऋण टोक एकत्र जोडावे. रोधकाचे आणि मोटारीचे अशी ही दोन वाक्ये मराठीत छापून संचाच्या झाकणाला चिकटवली तर निम्मे 'खराब' बोर्ड चांगले निघतील. संचासोबत येते ती मात्र चकचकीत इंग्रजी पुस्तिका.

सगळ्यात मोठा अडथळा यंत्रात नाही, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत आहे. आलेला संच जसाच्या तसा रजिस्टरवर चढतो. एक तार तुटली तरी संच अपुरा, आणि निर्लेखनाची, म्हणजे वस्तू नोंदीतून काढण्याची, मंजुरी मिळेपर्यंत जबाबदारी शिक्षकाची. निवृत्तीला चार वर्षे उरलेला शिक्षक मुलांच्या हाती वस्तू देईलच कशाला? म्हणून पुरवठादाराकडून बिलच दोन भागांत घ्यावे. बोर्ड, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, सूक्ष्मदर्शक हे डेडस्टॉकला. एलईडी, रोधक, तारा, सेल, ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगविना जोडणी करायची पट्टी) हे उपभोग्य साहित्याच्या वहीत, संपण्यासाठीच आलेले. कराराच्या मसुद्यात हे एक कलम घातले की कपाटे उघडी राहू लागतात.

सहावी ते आठवीच्या सहा तुकड्या, प्रत्येकी ४० मुले, आणि तीन वर्षांसाठी १० लाख रुपये असे धरले तर वाटणी साधारण अशी असावी. चौघांत एक संच म्हणजे दहा, वर दोन राखीव. संच, अवजारे, टेबले आणि वायरिंग मिळून ३ लाख. सुट्या भागांना दर वर्षी २५ हजार, म्हणजे ७५ हजार. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या प्रशिक्षकाला महिना १५ हजार, वर्षाचे दहा महिने, म्हणजे तीन वर्षांचे साडेचार लाख. शाळेच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला ७५ हजार. राहिलेला एक लाख दुरुस्ती आणि हिशेब तपासणीसाठी. संच आणि उभारणीवर एक तृतीयांशाहून कमी खर्च दिसला की फाउंडेशनच्या बैठकीत भुवया उंचावतात, हे माहीत आहे. पण सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब या शालेय प्रयोगशाळा योजनेचा साचाही काही वेगळा नाही. तिथे २० लाखांपैकी १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षांपर्यंतच्या चालवण्याला असतात.

शाळांच्या आणि संस्थांच्या बाजूनेही चुका होतात. दरपत्रकात जीएसटी धरलेला नसतो. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांवर १८ टक्के म्हटले की तीन लाखांची यादी ३ लाख ५४ हजारांवर जाते आणि मग कात्री प्रशिक्षणाला लागते. खोलीत अर्थिंग आहे का, किती सॉकेट आहेत, हे अर्जापूर्वी कोणी पाहत नाही. महापालिका शाळेसाठी शिक्षण विभागाचे परवानगीपत्र करारानंतर मागायला गेले तर महिना-दोन महिने सहज जातात. राबवणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ या अर्जाचा नोंदणी क्रमांक आणि आयकराच्या १२अ व ८०जी या नोंदण्या लागतात, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. पण या निधीतून उभी राहिलेली मालमत्ता कोणाच्या नावावर ठेवायची, यालाही नियम आहे. महापालिका सार्वजनिक प्राधिकरण असल्याने तिथे प्रश्न येत नाही; खासगी अनुदानित शाळेच्या ट्रस्टच्या नावे साहित्य राहणार असेल तर त्या ट्रस्टचाही सीएसआर नोंदणी क्रमांक हवा. हे मार्चच्या २५ तारखेला लक्षात आले तर खोकी संस्थेच्या नावावरच राहतात आणि शाळा त्यांना हात लावायला कचरते.

मोजमापाबद्दल थोडेसे. परिणामांचे स्वतंत्र मूल्यमापन बंधनकारक आहे ते सरासरी १० कोटी किंवा जास्त दायित्वाच्या कंपन्यांच्या, एक कोटीपासून पुढच्या प्रकल्पांना. दहा लाखांच्या प्रयोगशाळेसाठी पन्नास पानी अहवाल आणि 'लाभार्थी संख्या २४०' असा आकडा कोणी मागू नये. २४० ही पटावरची संख्या आहे, तो परिणाम नव्हे. त्याऐवजी तीन नोंदी मागवाव्यात: महिन्यात खोली किती तास उघडी होती, बारांपैकी किती संच चालू आहेत, आणि किती एलईडी-रोधक संपले. पहिल्या दोन नोंदी रंगवता येतात. तिसरी सहसा खरी निघते, कारण नवे सुटे भाग मागितल्याशिवाय तो आकडा वाढत नाही. सहामाहीत एकही एलईडी जळाला नसेल तर फाउंडेशनच्या माणसाने न कळवता शाळेत जाऊन कपाट पाहावे.

वेळापत्रक शाळेचे धरायचे तर मंडळाची मंजुरी मार्चपूर्वीच्या बैठकीत, करार आणि परवानगीपत्र एप्रिलमध्ये, वायरिंग मेच्या सुटीत, शिक्षकांचे प्रशिक्षण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि साहित्य शाळा उघडल्यावर, सेल वेगळ्या पाकिटात. पहिला हप्ता निम्मा, दुसरा दिवाळीनंतर वरच्या तीन नोंदी पाहून. पट्ट्यातल्या ज्या कंपन्यांच्या समित्या पुढच्या वर्षाची कामे ठरवणार आहेत, त्यांनी 'चालू प्रकल्प' हा ठराव विषयपत्रिकेवर याच बैठकीत घ्यावा. एप्रिल उलटल्यावर त्याला उशीर झालेला असेल.

आपले,
शालेय विज्ञान प्रयोगशाळांच्या कामाशी संबंधित काही वाचक,
ऐरोली, नवी मुंबई